वाटा

सकाळची पहिली धार वाटीत,
पट्टी बुडवायची, साठ आकडे मोजायचे.
पिवळी राहिली तर दिवस आपला.
हिरवी झाली तर डायरीत नोंद, आणि ओरोसला फोन.
तीन वर्षं आमच्या घरात
हिरव्या रंगाला कुणी चांगलं म्हटलेलं नाही.

समुद्र पन्नास पावलांवर
आणि पोरीच्या ताटात अळणी पेज.
शेजारी सुंगटं वाळत पडायची,
तिने नुसता वास घ्यायचा.
गोळ्यांनी गाल सुजले, कपाळावर लव आली.
शाळेत तिला नाव ठेवलं. ते इथे लिहीत नाही.

मी काय केलं? सांभाळलं.
धावू नको, दप्तर उचलू नको,
पायरी उतरताना हात धर.
होडीतून अंडी न्यावीत तशी नेली तिला
नऊ वर्षांची होईपर्यंत.

मग सिव्हिलमध्ये मणक्याचा फोटो काढला.
मसुरकर मॅडमनी तो खिडकीला धरला,
मागून ऊन आलं.
"हाड विरळ झालंय," म्हणाल्या,
"थोडं गोळ्यांनी,
थोडं तुमच्या सांभाळण्यानं.
दोर वापरात नसला की कुजतो ना हो?
तुम्हाला मी काय सांगायचं."
मनात म्हटलं, नायलॉनचा नाही कुजत.
पण काथ्याचा कुजतो.
आणि पोर काथ्याची आहे.

कागदावर उड्यांची चित्रं घेऊन आलो.
सूज असेल त्या दिवशी नाही, ताप असेल त्या दिवशी नाही,
एरवी रोज.
स्वरांगी ओट्याच्या खालच्या पायरीवर उभी.
"बाबा, पाय मोडलो तर?"
हा प्रश्न मीच शिकवलेला.
"नाय मोडूचो," म्हटलं,
आणि आधी मीच उडी मारली,
चव्वेचाळीसाव्या वर्षी, लुंगी सावरत.
पलीकडे जाळं विणणारा चंद्रकांत
सुई टाकून हसत बसला.
ती पण हसली.
हसता हसता उतरली, दोन्ही पायांवर,
धप्प.

ओहोटीला वाळू घट्ट असते,
वर भरतीच्या रेषेला भुसभुशीत.
आम्ही मधली निवडली.
टाचांचे ठसे मोजले: सव्वीस.
थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्यांत वाळू भरली,
पहिल्यांदा नुसता तळ झाकेल इतकी,
गणपतीनंतर अर्ध्यापर्यंत.
जमिनीवरून उठताना म्हातारीसारखी
मांडीवर हात रोवायची, ते सुटलं.
मला ते उशिरा कळलं. तिच्या आईने दाखवलं.

नवरात्रात पट्टी हिरवी.
डोळे सुजून बारीक झाले, दीड महिना सगळं बंद.
बाटल्या माडाच्या बुंध्याशी पडून राहिल्या,
एकीत मुंग्या झाल्या.
पुन्हा तळापासून.

मार्गशीर्षात रापण लागली.
दोन्ही दोरांना माणसं, मी कमरेएवढ्या पाण्यात.
मागे वळून बघतो तर
दोराच्या शेपटाला, कृष्णा तारीच्या पाठी,
लाल फ्रॉक.
टाचा वाळूत रोवलेल्या, पाठ मागे झुकलेली.
ओरडणार होतो. तोंड उघडलं
आणि त्यात लाट आली.
बरं झालं.

चौदा पावलं ओढलं तिने.
मग दोर सोडून वाळूत बसली,
पाय पसरून, तळहात बघत.

दोराला हात लावला त्याला वाटा,
आमच्या किनाऱ्याला हा नियम माझ्या आज्याच्याही आधीचा.
म्हाताऱ्या भिवा तांडेलने कुणाला विचारलं नाही.
वाटे घालता घालता
तिच्यापुढे सात पेडवे ठेवले,
आणि थोडा विचार करून आठवा.

रात्री ते मिठाशिवाय भाजले.
काटे तिने स्वतः काढले.

सकाळी मी पट्टी घेऊन उभा.
"मगे बघ," म्हणाली,
"आदी उडयो मारतंय."